ट्रेनरवरचा घाम रस्त्यावर कामी यावा म्हणून: घरातल्या सायकल सरावाची सुरुवात

फेब्रुवारी २०१६ मध्ये बेल्जियममधल्या एका शर्यतीत मॅथ्यू हेमन हा ऑस्ट्रेलियन सायकलपटू पडला आणि त्याचा हात मोडला. पॅरिस-रुबे ही फ्रान्समधली दगडी रस्त्यांची प्रसिद्ध शर्यत जेमतेम सहा आठवड्यांवर आली होती. मोडक्या हाताने रस्त्यावर उतरता येईना, म्हणून त्याने गॅरेजमध्ये ट्रेनर, म्हणजे सायकल जागेवरच चालवता येईल असं साधन, लावला आणि तिथेच पाय चालते ठेवले. १० एप्रिलला अडीचशे किलोमीटरहून लांब असलेली ती शर्यत त्याने जिंकली. शेवटच्या स्प्रिंटमध्ये त्याच्या मागे राहिला टॉम बोनेन, ज्याने ही शर्यत आधी चार वेळा जिंकली होती.

घरात सायकल चालवून काय साधतं, असं कोणी विचारलं की मी हे उदाहरण देतो, आणि त्याचा दुसरा भागही लगेच सांगतो. हेमनची ती पंधरावी पॅरिस-रुबे होती. दगडी रस्त्यावर चाक कुठून काढायचं, वळणाआधी ब्रेक कधी सोडायचा, गर्दीत खांद्याला खांदा लागला तरी हँडल कसं सैल धरायचं, हे सगळं त्याच्या अंगात आधीच मुरलेलं होतं. गॅरेजमध्ये त्याने राखला तो दम आणि पायांतला जोर.

नवख्याने हा फरक पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावा. ट्रेनरवर हृदय, फुफ्फुसं आणि मांड्या तयार होतात. तोल, वळण आणि वाऱ्याचा अंदाज रस्त्यावरच शिकावा लागतो. म्हणून घरातल्या प्रत्येक सत्रासमोर रस्त्यावरची एखादी ठरावीक जागा असावी. माझा पहिला हंगाम तशा जागेविना गेला. रोज पाऊण तास, रोज तोच मध्यम जोर. ना पुरेसा हलका, ना पुरेसा कठीण. ट्रेनरवरचे आकडे थोडे वाढले, पण ज्या चढावर दम संपायचा तिथेच तो पुढेही संपत राहिला.

पहिली पायरी: आधी रस्त्यावर जा आणि दुखरी जागा शोधा

ट्रेनरला हात लावण्याआधी गेल्या चार-पाच राइड आठवा. नेमके कुठे मागे पडता? लांब चढावर निम्म्यातच पाय भरून येतात का? एक-दोन मिनिटांच्या खड्या चढावर धाप आवरत नाही का? ग्रुपने अचानक वेग वाढवला की दोन वेळा निभावतं आणि तिसऱ्या वेळी साथ सुटते? समोरून वारा आला की वेग आणि धीर दोन्ही जातात? की पहिले दोन तास छान जातात आणि शेवटचा तास नुसता ओढावा लागतो?

यातली एकच अडचण निवडा, फार तर दोन. वहीत लिहून ठेवा. मग दहा ते वीस मिनिटं लागतील असा ओळखीचा चढ किंवा सरळ पट्टा निवडा, तो एकदा मनापासून जोर लावून पार करा आणि वेळ टिपा. सोबत वारा कसा होता, टायरमध्ये हवा किती होती आणि शेवटी हृदयगती किती होती तेही लिहा. पुढचे दोन महिने सराव फळतोय की नाही, हे याच नोंदीवरून कळणार आहे.

दुसरी पायरी: साधन

ट्रेनरचे प्रकार थोडक्यात. सगळ्यात साधा प्रकार मागचं चाक एका रोलरवर टेकवतो आणि चुंबकाने किंवा द्रवाने रोध देतो. डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरवर मागचं चाक काढून सायकल थेट त्याच्या कॅसेटवर (मागच्या गिअरच्या चकत्यांवर) बसवायची. तो शांत चालतो आणि आकडे जास्त भरवशाचे देतो. स्मार्ट ट्रेनर अ‍ॅपच्या सांगण्यावरून रोध स्वतःच बदलतो. त्याच्या 'अर्ग' मोडमध्ये वॅट (पॅडलवरच्या ताकदीचं माप) ठरवून दिले की पाय हळू फिरवा वा जलद, जोर तेवढाच लागतो. तीन नळकांड्यांचा रोलर मात्र सायकल कशालाच बांधत नाही. त्यावर तोल राखायला शिकावं लागतं आणि सरळ रेषेत चालवण्याची सवय फार सुरेख लागते, पण पहिल्या महिन्यात त्याच्या वाटेला जाऊ नये.

जिममधली स्पिन बाइकही सुरुवातीला चालेल. तिचं जड फ्लायव्हील (गती साठवणारं चाक) बहुधा पॅडलशी पक्कं जोडलेलं असतं, त्यामुळे पाय थांबवले तरी पॅडल फिरत राहतात. अशा बाइकवर वेगात असताना पाय एकदम काढू नका. आधी रोध वाढवून वेग उतरवा.

चाकावर टेकणारा ट्रेनर असेल तर दर वेळी टायरमध्ये तेवढीच हवा भरा आणि रोलर तेवढाच घट्ट करा. नाहीतर कालच्या आणि आजच्या आकड्यांची तुलनाच होत नाही. कॅलिब्रेशन (ट्रेनरचे आकडे जुळवून घेणं) करायचं असेल तर दहा मिनिटं चालवून टायर आणि ट्रेनर गरम झाल्यावर करा. सायकलच्या मागच्या चाकाचा आस खटक्याने सुटणारा क्विक रिलीज आहे की आरपार स्क्रू होणारा थ्रू-अ‍ॅक्सल हे पाहूनच ट्रेनर घ्या. फ्रेम कार्बनची असेल तर बनवणाऱ्याने ट्रेनरबद्दल काही अट घातली आहे का, तेही वाचा.

महागड्या ट्रेनरसाठी थांबून राहू नका. साधा ट्रेनर आणि जोरदार पंखा ही जोडी, पंख्याविना असलेल्या महागड्या ट्रेनरपेक्षा जास्त काम देते. हे का, ते पुढे.

तिसरी पायरी: पंखा, पाणी, टॉवेल

नवखे सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच करतात. शरीर जेवढी ऊर्जा जाळतं त्यातली साधारण २० ते २५ टक्केच पॅडलपर्यंत पोचते, उरलेल्या बहुतेक ऊर्जेची उष्णता होते. तुम्ही १५० वॅटने पॅडल मारत असाल तर शरीर त्याच वेळी ४५० ते ६०० वॅट उष्णता बाहेर टाकायला धडपडत असतं. रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने जाताना समोरची हवा ती उष्णता सतत ओढून नेते. बंद खोलीत मात्र तुमच्याच अंगाने तापलेली हवा अंगाभोवती साचून राहते.

मग शरीर त्वचेकडे जास्त रक्त पाठवतं, घामाने रक्तातलं पाणी घटतं, आणि वॅट तेवढेच असताना हृदयाचे ठोके चढत जातात. वीस मिनिटांनी वाटतं की आपलीच तयारी कमी आहे. प्रत्यक्षात पाय अजून ताजे असतात, शरीर तापलेलं असतं. 'घरात वॅट निघतच नाहीत' या तक्रारीचं मोठं कारण हेच आहे.

पंखा समोर, छाती आणि चेहऱ्यावर वारा येईल असा ठेवा. दुसरा मिळाला तर तो मागून किंवा बाजूने पाठीवर. छताचा पंखा एकटा पुरत नाही, कारण त्याचा वारा अंगावर पसरट येतो. खिडकी उघडी ठेवा. मुद्दाम उष्णतेत सराव करण्याची एक पद्धत आहे, पण ती अनुभवी खेळाडूंनी देखरेखीखाली करायची गोष्ट आहे. नवख्याने पंखा बंद करून स्वतःला कणखर बनवायच्या फंदात पडू नये.

पाणी तासाला निदान अर्धा ते पाऊण लिटर धरा. तुम्हाला किती घाम येतो हे पाहायचं असेल तर सत्राआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं, आणि मध्ये प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. सत्र तासाभराच्या पुढे जाणार असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. आणि हँडलपासून सीटपर्यंत टॉवेल टाका. घामातलं मीठ हँडल-स्टेमचे बोल्ट आणि हेडसेटची (हँडल फिरतं त्या सांध्याची) बेअरिंग गपचूप गंजवतं, आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

चौथी पायरी: बैठक

सीटची उंची ठरवायची सोपी रीत: सीटवर सरळ बसा, पॅडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय ताठ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये. आता टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात हलकासा बाक येतो. तोच हवा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागलं तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूला दुखलं तर बहुधा वर. बदल करायचा तो तीन-चार मिलीमीटरचा, आणि मग दोन-तीन सत्रं तसंच चालवून पाहायचं.

चाकावर टेकणाऱ्या ट्रेनरवर मागचं चाक थोडं उचललं जातं, म्हणून पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवून सायकल सपाट करा. तसं केलं नाही तर सगळा भार तळहातांवर येतो.

रस्त्यावर खड्डा आला की आपण उठतो, उतारावर पाय थांबवतो, वळणावर वजन सरकवतो. ट्रेनरवर यातलं काहीच होत नाही आणि सगळा दाब एकाच जागी राहतो. दर आठ-दहा मिनिटांनी पंधरा-वीस सेकंद उभं राहून पॅडल मारा. पॅडिंगची शॉर्ट घरातही घाला.

पाचवी पायरी: किती जोर म्हणजे किती?

पॉवर मीटर (वॅट मोजणारं यंत्र) नसेल तर बोलून पाहा. पूर्ण वाक्यं सहज बोलता येतात तो हलका जोर. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो तो थ्रेशोल्डच्या, म्हणजे ज्याच्या वर जोर फार वेळ टिकत नाही त्या सीमेच्या, आसपासचा. एखादाच शब्द निघतो तो त्याच्या वरचा. दहापैकी गुण द्यायचे तर हलका जोर तीन-चार, थ्रेशोल्ड सात-आठ, त्यावरचा नऊ. ही रीत कमी दर्जाची नाही. पॉवर मीटरवाल्यांनीही ती शिकावी, कारण रस्त्यावर बॅटरी संपल्यावर तीच उरते.

वॅट दिसत असतील तर एफटीपी काढा. आपण साधारण तासभर टिकवू शकतो तो जोर म्हणजे एफटीपी. तासभर स्वतःला पिळण्याची गरज नाही. एक रीत अशी: चांगला वॉर्मअप करून २० मिनिटं जेवढा एकसारखा जोर टिकेल तेवढा लावा आणि सरासरीचे ९५ टक्के घ्या. दुसरी रॅम्प टेस्ट: दर मिनिटाला वॅट चढत जातात, पाय थांबेपर्यंत चालवायचं आणि सगळ्यात जड गेलेल्या एका मिनिटाच्या सरासरीचे ७५ टक्के घ्यायचे. नवख्याला रॅम्प टेस्ट बरी, कारण वीस मिनिटांचा जोर नीट वाटून घेणं ही स्वतंत्र कला आहे.

मग जोराचे टप्पे असे पडतात: एफटीपीच्या ५५ टक्क्यांखाली विश्रांतीचा, ५६ ते ७५ दमसासाचा, ७६ ते ९० टेम्पो, ९१ ते १०५ थ्रेशोल्ड, १०६ ते १२० त्याच्या वरचा. ८८ ते ९४ टक्क्यांच्या पट्ट्याला 'स्वीट स्पॉट' म्हणतात. भरपूर फायदा, आणि दुसऱ्या दिवशी उठता येईल इतकाच थकवा. रस्त्यावर काढलेला आकडा घरात वापरू नका. बहुतेकांचा घरातला आकडा थोडा कमीच येतो.

हृदयगतीवर चालणाऱ्यांना दोन गोष्टी. २२० वजा वय हे सूत्र एखाद्या माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं, त्यावर टप्पे ठरवू नका. आणि हृदय मागाहून धावतं: जोर वाढवल्यावर ठोके चढायला अर्धा-एक मिनिट जातं, म्हणून तीस सेकंदांची इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत लावलेला जोराचा तुकडा) हृदयगतीवर मोजता येत नाही.

हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा त्रास असेल, किंवा बरीच वर्षं व्यायाम सुटलेला असेल, तर अशी पूर्ण ताकदीची टेस्ट करण्याआधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा ठोके विचित्र पडू लागले तर त्या क्षणी थांबा.

सहावी पायरी: जशी अडचण, तसं सत्र

प्रत्येक कठीण सत्राआधी दहा ते पंधरा मिनिटं वॉर्मअप करा, त्यात शेवटी तीस सेकंद जलद पाय फिरवणं तीन वेळा. सत्रानंतर पाच-दहा मिनिटं अगदी हलकं.

*लांब चढ.* एक हिशोब पाहू. सायकल धरून एकूण वजन ८० किलो, ६ टक्के चढ, वेग ताशी १२ किलोमीटर. याला सुमारे १८० वॅट लागतात आणि त्यातले जवळपास नव्वद टक्के निव्वळ वजन वर नेण्यात जातात. पाच किलोमीटरचा चढ असेल तर हे २५ मिनिटं टिकवायचं. दोन मिनिटांच्या जोरदार इंटरव्हलने हे साधत नाही, एकसारखा जोर धरून ठेवण्याची सवय लागते. पहिल्या आठवड्यात स्वीट स्पॉटवर १० मिनिटं दोन वेळा, मध्ये पाच मिनिटं हलकं. मग १० मिनिटं तीन वेळा, १५ दोन वेळा, आणि दोन महिन्यांत २० मिनिटं दोन वेळा. आधी वेळ वाढवायची, वॅट नंतर.

आता गिअरची गोष्ट. ती फार कमी लोक सांगतात, म्हणून इथे थोडा थांबतो. सपाट रस्त्यावर वेगात असताना सायकलची गतीच पॅडलला वरच्या आणि खालच्या बिंदूंवरून पुढे ढकलते. चढावर गती कमी असते, दर फेरीत पॅडल किंचित अडकतं आणि पायाला जास्त वेळ दाबत राहावं लागतं. वॅट तेवढेच असले तरी स्नायूंना हे काम निराळं लागतं. ट्रेनरवर हा फरक गिअरने आणता येतो. मोठी चेनरिंग (पॅडलजवळची दातेरी चकती) आणि मागे लहान गिअर लावला की फ्लायव्हील जोरात फिरतं आणि सपाट रस्त्यासारखं वाटतं. लहान चेनरिंग आणि मागे मधला गिअर लावला की ते हळू फिरतं आणि पायाला चढ जाणवतो. अर्ग मोडमध्ये वॅट बदलत नाहीत, म्हणून ही निवड पूर्ण तुमच्या हातात असते. चढाची तयारी करायची असेल तर सत्र लहान चेनरिंगवर करा आणि त्यातला काही भाग मिनिटाला ६५ ते ७५ फेऱ्यांवर. वर्षभर मोठ्या चेनरिंगवर सराव करून चढावर 'पाय वेगळेच वाटतात' म्हणणारे अनेक जण मी पाहिले आहेत. पायांचं बरोबर असतं, त्यांना हे काम कधी दिलेलंच नसतं.

तीन-चार आठवडे झाले, गुडघे कुरकुरत नसतील, तर एफटीपीच्या ८० ते ८५ टक्क्यांवर ५५-६० फेऱ्यांची पाच-पाच मिनिटं चार वेळा करून पाहा. गुडघा दुखला तर हे सत्र सोडून द्या.

*ग्रुपचे झटके.* झटका आला की आपण थ्रेशोल्डच्या वर जातो, ते ठीक. साथ सुटते ती झटक्यानंतर सावरता न आल्यामुळे, कारण ग्रुप तुमच्यासाठी हळू होत नाही. त्यासाठी 'ओव्हर-अंडर' आहे: दोन मिनिटं एफटीपीच्या ९५ टक्क्यांवर, एक मिनिट १०५ वर, असं सलग तीन वेळा म्हणजे नऊ मिनिटं. पाच मिनिटं विश्रांती, मग पुन्हा नऊ. जोराच्या मिनिटात साचलेलं लॅक्टेट (कठीण श्रमात स्नायूंत तयार होणारं द्रव्य) स्नायू आणि हृदय पुढच्या दोन मिनिटांत इंधन म्हणून वापरतात, पाय न थांबवता. या सत्रात ९५ टक्क्यांचा भागच महत्त्वाचा. तिथे वॅट सोडून दिले तर सत्राचा हेतूच गेला.

*छोटे, खडे चढ.* चार मिनिटांच्या चार इंटरव्हल, १०६ ते ११५ टक्क्यांवर, मध्ये तेवढीच विश्रांती. दुसरा पर्याय नॉर्वेतल्या बेंट रोनेस्टाड यांनी अभ्यासलेला: ३० सेकंद जोरात, १५ सेकंद हलकं, असं १३ वेळा, आणि तीन मिनिटांच्या विश्रांतीने असे तीन संच. नवख्याने आठ वेळांचे दोन संच करावेत. पहिली तीन पुनरावर्तनं सोपी वाटली पाहिजेत, तशी वाटली नाहीत तर जोर जास्त झाला.

इथे ताबाताबद्दल. २० सेकंद जोर आणि १० सेकंद विश्रांती ही रीत जपानी संशोधक इझुमी ताबाता यांच्या १९९६ च्या शोधनिबंधामुळे जगभर गेली. त्या प्रयोगात सायकल अर्गोमीटरवर इतका प्रचंड जोर लावायचा होता की सात-आठ फेऱ्यांत माणूस पूर्ण थकावा. आज त्या नावाने जे केलं जातं त्यात बहुधा तो जोर नसतो. खरं ताबाता नवख्यासाठी नाही.

*समोरचा वारा.* हवेचा रोध ओलांडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते: ताशी २५ वरून ३० वर जायचं तर हवेसाठी सुमारे पावणेदोन पट वॅट. म्हणून वाऱ्यात वॅट वाढवण्याइतकंच अंग लहान करणं मोलाचं असतं. अडचण ही की ड्रॉपमध्ये (हँडलच्या खालच्या वळणावर) वाकून दहा मिनिटांनी मान आणि कंबर बोलू लागते. ट्रेनर यावर उत्तम उपाय आहे. मोठ्या चेनरिंगवर ८० ते ८५ टक्क्यांवर १० मिनिटं ड्रॉपमध्ये, कोपरं वाकलेली, खांदे सैल. दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवत वीसपर्यंत जा.

*शेवटचा तास.* हे काम खरं तर बाहेरच्या लांब, हलक्या राइडचं. घरात करायचंच तर ६० ते ९० मिनिटं दमसासाच्या टप्प्यात. ट्रेनरवर उतार नाही, सिग्नल नाही, पाय एक क्षण थांबत नाहीत, त्यामुळे तेवढ्या वेळात काम दाट होतं. आठवड्यातून एकदा शेवटी स्वीट स्पॉटवर आठ-आठ मिनिटं दोन वेळा जोडा. थकलेल्या पायांना जोर लावायला शिकवणं हा त्यामागचा हेतू.

पूर्ण ताकदीचे स्प्रिंट मी घरात करत नाही. ट्रेनरमध्ये जखडलेली सायकल डावी-उजवीकडे झुकवत जोर लावला की फ्रेमवर नको तो पीळ बसतो, आणि खरं स्प्रिंट तर सायकल झुकवूनच होतं.

पाय फिरवण्याचे व्यायाम वॉर्मअपमध्ये पुरेसे: सीटवर न उसळता १००-११० फेऱ्यांचं एक मिनिट, चार-पाच वेळा. पॅडल वर खेचण्याचा हट्ट नको. ताकद खाली दाबण्यात आहे, वर येणारा पाय फक्त वाटेत येऊ नये.

सातवी पायरी: आठवडा बसवणं

आठवड्यात दोन कठीण सत्रं. तिसरं नको. त्यांच्यात निदान ४८ तास ठेवा. एक किंवा दोन हलकी सत्रं, आणि एक बाहेरची राइड. उदाहरणार्थ मंगळवारी निवडलेल्या अडचणीचं सत्र, गुरुवारी स्वीट स्पॉट, रविवारी बाहेर. कसलेल्या दमसासाच्या खेळाडूंची सुमारे ८० टक्के सत्रं हलकी असतात, असं स्टीफन सायलर या संशोधकाने दाखवून दिलं आहे. आपली हलकी सत्रं खरंच हलकी असावीत, हा त्यातला घेण्यासारखा धडा.

तीन आठवडे थोडं थोडं वाढवा, चौथ्या आठवड्यात वेळ निम्म्याच्या आसपास आणा. झोप बिघडली, सकाळचे ठोके नेहमीपेक्षा वर राहिले, कालचे वॅट आज दुप्पट जड वाटले, तर कठीण सत्र पुढे ढकला.

अ‍ॅपमधल्या आभासी शर्यती गोडी लावतात आणि त्यातून मोठी माणसंही घडली आहेत. जय वाइन हा सायकलपटू झ्विफ्ट या आभासी सायकलिंगच्या मंचाची २०२० ची निवड स्पर्धा जिंकून व्यावसायिक संघात गेला आणि २०२२ च्या व्हुएल्टा या स्पेनमधल्या मोठ्या शर्यतीत त्याने दोन टप्पे जिंकले. पण अशी शर्यत म्हणजे कठीण सत्रच. ती 'सहज' म्हणून तिसऱ्या दिवशी खेळलात तर आठवडा बिघडला.

आठवी पायरी: सायकल खाली उतरवताना

ट्रेनरसाठी मिळणारा खास टायर टणक असतो, त्याला रस्त्यावर पकड नसते. तो लावून बाहेर पडू नका, चौकापर्यंतसुद्धा नाही. चाकाचा आस घट्ट आहे का पाहा, ब्रेक दाबून पाहा, स्टेमच्या बोल्टभोवती गंज दिसतो का ते न्याहाळा, चेनला तेल द्या. बरेच दिवस घरात चालवलं असेल तर रिकाम्या जागी पंधरा-वीस मिनिटं वळणं, अचानक ब्रेक, मागे वळून पाहणं आणि एका हाताने बाटली काढून पिणं यांचा सराव करा. बाटलीचा सराव ट्रेनरवरही करता येतो: पॅडल न थांबवता, बाटलीकडे न पाहता.

बाहेरच्या राइडमध्ये त्या आठवड्यातल्या सत्राची खरी जागा शोधा. स्वीट स्पॉट केलं असेल तर लांब चढावर तोच श्वास, तीच लय धरा. चढाचा पहिला तृतीयांश मुद्दाम हात राखून चढा. खुल्या हवेत सुरुवातीला वॅट फुकट मिळाल्यासारखे वाटतात आणि दहा मिनिटांनी त्यांची वसुली होते.

पाचव्या आणि नवव्या आठवड्यात, हलक्या आठवड्यानंतर, वहीतल्या त्याच पट्ट्यावर पुन्हा जा. तेवढीच हवा, साधारण तसाच वारा. ट्रेनरवरचे आकडे वाढले आणि इथली वेळ तशीच राहिली, तर कारण बहुधा चारांपैकी एक असतं. घरात चढाची सत्रं मोठ्या चेनरिंगवर झाली. सुरुवातीलाच जोर उधळला गेला. घरात ताठ बसून सराव केला आणि इथे वाकून चालवावं लागलं. किंवा चाकावर टेकणाऱ्या ट्रेनरची हवा-पकड बदलल्यामुळे घरातली वाढ मुळात खरी नव्हतीच. पुढचे चार आठवडे त्यातलं एकच कारण धरून बदल करा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल. वेळ कमी झाली असेल तर नव्याने टेस्ट घ्या, टप्पे नव्या आकड्यावर बसवा आणि वहीत पुढची जागा लिहा.